गाडी मिसिंग करतेय? आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट घ्या

सिग्नलला उभे आहात, गाडी न्यूट्रलमध्ये आहे आणि स्टिअरिंगवर ठेवलेल्या हाताला लय चुकल्यासारखं जाणवतं. जरा थरथर, मग क्षणभर ठीक, पुन्हा थरथर. सिग्नल सुटल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबता, गाडी दोन झटके मारते आणि मग ओढायला लागते. गॅरेजमध्ये याला ‘गाडी मिसिंग करतेय’ म्हणतात. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा आली खरी, पण ती पेटली नाही, किंवा अर्धवट पेटली, असा त्याचा अर्थ.

आजवर बोनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलेल्यांसाठी हे लिहितोय. पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांपुरतंच. डिझेल इंजिनाला ठिणगी पाडणारा स्पार्क प्लगच नसतो, त्याचं निदान वेगळ्या वाटेनं जातं.

माझ्या तीन सिलिंडरच्या सीएनजी हॅचबॅकनं पहिल्यांदा मिसिंग केलं ते खंबाटकी घाटाच्या चढावर. तेव्हा मला यातलं काही कळत नव्हतं. एका गॅरेजमध्ये तिन्ही प्लग बदलले, फरक नाही. मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, साफ केली, मग पेट्रोलचा फवारा मारणारे इंजेक्टर धुतले. प्रत्येक वेळी बिल झालं आणि प्रत्येक वेळी घाटात तोच झटका. शेवटी दुसऱ्या एका मिस्त्रींनी दोन कॉइलांच्या, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज पुरवणाऱ्या पार्टच्या, जागा आपसात बदलल्या, गाडी गरम होईपर्यंत फिरवली आणि दोष कुठल्या कॉइलमध्ये आहे ते दाखवलं. नवीन काहीही विकत न घेता! त्या दिवसापासून मी एकच नियम पाळतो: सिलिंडर कोणता ते कळल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही, आणि संशयित पार्ट दुसऱ्या सिलिंडरवर हलवून बघितल्याशिवाय नवा आणायचा नाही. पुढचं सगळं या नियमाभोवतीच आहे.

दिवा लुकलुकतोय का, ते आधी बघा

पिवळा चेक इंजिन दिवा स्थिर पेटला असेल तर गाडी सावकाश चालवत घरी किंवा गॅरेजपर्यंत न्यायला हरकत नाही. दिवा लुकलुकत असेल तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण लुकलुकणारा दिवा ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर धोक्यात आहे’ असं सांगत असतो.

सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल तसंच सायलेन्सरच्या वाटेनं पुढे जातं. त्या वाटेवर कन्व्हर्टर असतो: आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या महाग धातूंचा थर. न जळलेलं पेट्रोल या जाळीवर जाऊन जळतं, जाळी प्रमाणाबाहेर तापते, प्रसंगी वितळून बसते. कॉइल किंवा प्लगच्या कितीतरी पट महाग पार्ट केवळ ‘जाऊ दे, चालतेय ना’ म्हणून हातचा जातो. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या कन्व्हर्टरनं गवत पेटू शकतं.

हे मिसिंगच आहे ना?

सगळी थरथर मिसिंगची नसते. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच चार सिलिंडरच्या इंजिनापेक्षा जास्त हलतं. चारची गाडी विकून तीनची घेतलेल्या माणसाला पहिले काही दिवस गाडी बिघडलेलीच वाटते. इंजिन माउंटिंगचं रबर फाटलं असेल तर एसी लावल्यावर अख्खा डॅशबोर्ड खडखडतो, पण तो कंप एकसारखा असतो. चौथ्या गिअरमध्ये ताशी ३० किलोमीटरनं चढ चढवायला गेलं तर कुठलीही गाडी हिसके देईल, तो गिअरचा दोष. पहिला गिअर टाकून गाडी सुटतानाच हिसका बसत असेल तर क्लचकडे बघा.

मिसिंगचा हिसका अनियमित असतो. सायलेन्सरमागे उभं राहून पाच मिनिटं ऐका. निरोगी इंजिनाचा आवाज एकसलग येतो. मिसिंग असेल तर मध्येच ‘फुस्’ असा रिकामा ठोका पडतो आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो. पीयूसीची जुनी चिठ्ठी सापडली तर तीही काढा. तिच्यावर एचसीचा, म्हणजे न जळलेल्या इंधनाचा आकडा असतो. तो मागच्या वेळेपेक्षा बराच वाढला असेल तर संशयाला पुरावा मिळाला.

कधी होतं, ते लिहून काढा

या पायरीला खर्च शून्य, तरीही जवळपास सगळे ती गाळतात. मिसिंग कधी होतं हे नीट सांगता आलं तर निम्मं निदान तिथेच होतं.

चढावर किंवा ओव्हरटेक करताना, म्हणजे इंजिनावर जोर पडल्यावरच होत असेल तर ठिणगी कमकुवत आहे असं आधी समजा. कारण साधं आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, ती जास्त दाबली जाते, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी पार व्हायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हातारी कॉइल किंवा झिजून टोकांमधली फट वाढलेला प्लग सपाट रस्त्यावर निभावून नेतो आणि घाटात उघडा पडतो. गाडीच्या टाकीतल्या पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा दाब कमी पडत असला तरी जोराच्या वेळीच कळतं, पण तेव्हा सगळेच सिलिंडर उपाशी राहतात, एकटा नाही.

उलट, फक्त आयडलिंगला थरथरते आणि रेस दिली की शांत होते, तर कुठून तरी चोरटी हवा आत शिरतेय का ते बघावं लागतं, किंवा इंजेक्टर, किंवा व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह (सिलिंडरची हवा आत-बाहेर सोडणारी झडप) आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली बारीक फट.

सकाळी थंड इंजिनाला मिनिटभर होतं आणि जातं. प्लग असू शकतो. पण त्याबरोबर कूलंटची पातळीही हळूहळू उतरत असेल तर हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलमधून, कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतंय का, ही शंका मनात ठेवा. गाडी २०-२५ मिनिटं चालून तापल्यावरच होत असेल तर कॉइल. आतलं इन्सुलेशन गरम झाल्यावर दगा देतं आणि गार झाल्यावर पुन्हा शहाण्यासारखं वागतं. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी सुतासारखी सरळ होते ती यामुळे.

पावसात, किंवा इंजिन धुतल्यावर सुरू झालं तर प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग ज्या खोल खळग्यात बसतो तिथे, पाणी गेलेलं असतं. टाकी भरल्यावर दोन-चार किलोमीटरमध्येच सुरू झालं तर पेट्रोलवर संशय घ्या आणि पंपाची पावती जपून ठेवा.

गाडीलाच विचारा

इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, मिसिंग मोजत असतो. कसं, ते कळलं की त्याच्यावर विश्वास बसतो. आयडलिंगला इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं आणि दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो, म्हणजे मिनिटाला ४०० वेळा. प्रत्येक स्फोटागणिक क्रँकशाफ्टला छोटासा धक्का बसून वेग किंचित वाढतो. एखादा धक्का चुकला की वेग किंचित पडतो. क्रँक सेन्सर ते टिपतो आणि त्या क्षणी कोणाची पाळी होती यावरून ईसीयू सिलिंडर ओळखतो.

ही माहिती वाचायला ओबीडीचं, म्हणजे ईसीयूनं नोंदलेले दोष वाचणारं, छोटं ब्लूटूथ डाँगल लागतं. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात ते बसतं आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये कोड दिसतात. अगदी स्वस्त डाँगलही एवढं काम करतं. आयफोन असेल तर घेण्याआधी ते त्याच्याशी जुळतं ना ते बघा. डाँगल नसेल तर गॅरेजमध्ये स्कॅन करून घ्या, पण कोडचा आकडा स्वतः लिहून आणा. ‘स्कॅन केलं, प्लग गेलेत’ एवढ्यावर समाधान मानू नका. कोड कधीच ‘प्लग गेला’ असं म्हणत नाही.

‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसऱ्यात, याप्रमाणे पुढे. ‘पी ०३००’ म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही. या दोन प्रकारांच्या वाटा इथूनच वेगळ्या होतात. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर त्या सिलिंडरचा स्वतःचा प्लग, कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व्ह, पिस्टनवरच्या रिंगा. सगळ्यांचा मिळून कोड असेल तर सगळ्यांना सामाईक असलेली गोष्ट: पेट्रोल, पेट्रोलचा दाब, हवेची गळती, अर्थिंग, टायमिंग (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताळमेळ).

कोडसोबत ‘फ्रीझ फ्रेम’ नावाचं पान मिळतं. दोष नोंदला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती, तापमान किती, लोड किती, गाडीचा वेग किती, ते सगळं त्यात असतं. तुम्ही वहीत लिहिलेल्याशी ते ताडून बघा. कोड पुसायचा तो हे सगळं लिहून झाल्यावर. बॅटरीची वायर काढली तर कोड जातो, मिसिंग राहतं, आणि पुरावा मात्र नाहीसा होतो.

पहिला सिलिंडर कुठला? आडव्या बसवलेल्या इंजिनात तो बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या विरुद्ध टोकाला, टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूला असतो. तुमच्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल बघून खात्री करा. चुकीच्या टोकाकडून मोजून चांगली कॉइल फेकणारे लोक मी पाहिलेत.

सीएनजीवाल्यांच्या हातातली किल्ली

मुंबई-पुण्याकडे निम्म्या ओळखीच्यांच्या गाड्यांत सीएनजी असतो, आणि निदानाच्या बाबतीत तो वरदान आहे. एकाच इंजिनाला दोन वेगळी इंधनं देणारी बटणं तुमच्या हाताशी आहेत! मिसिंग चालू असताना इंधन बदलून बघा.

दोन्हीवर सारखंच होतंय? मग इंधनाची व्यवस्था बहुतेक सुटली; ठिणगी, हवा किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) उरलं.

फक्त पेट्रोलवर होतंय? वर्षभर सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत हे फार दिसतं. टाकीच्या तळाशी तेच जुनं पेट्रोल पडून असतं, इंजेक्टर वापराविना चिकट होतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं. पाणी पुरेसं जमलं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि टाकीतल्या पंपाचं तोंडही तळाशीच असतं. ताजं पेट्रोल भरून काही दिवस रोज दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. बऱ्याचदा एवढ्यानं काम होतं.

फक्त सीएनजीवर होतंय? इथे नवखा माणूस गॅस किटकडे धावतो. थांबा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे थकलेली कॉइल किंवा झिजलेला प्लग आधी सीएनजीवर तक्रार करतो आणि पेट्रोलवर अजून महिनाभर गप्प बसतो. आधी प्लग आणि कॉइल तपासा, मग गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर आणि रेग्युलेटरकडे वळा. गॅसच्या पाइपांना मात्र स्वतः पाना लावायचा नाही. भरलेल्या टाकीत सुमारे २०० बारचा दाब असतो. ते काम परवानाधारक सीएनजी केंद्राचं.

बोनेट उघडा, पण हात खिशात ठेवून

गाडी गार, किल्ली काढलेली. आधी फक्त बघा. पावसाळ्यात आणि थंडीत उंदीर इंजिनात उबेला येतात आणि वायरी कुरतडतात. झाडाखाली किंवा कचराकुंडीजवळ गाडी उभी राहत असेल तर लेंड्या, चघळलेलं स्पंज, कुरतडलेलं काळं वेष्टन आधी शोधा. कॉइल आणि इंजेक्टरच्या वायरीवर टॉर्च फिरवा. एकच वायर अर्धी तुटलेली असली तरी खड्ड्यांत मिसिंग होतं आणि गुळगुळीत रस्त्यावर जातं.

मग प्रत्येक कनेक्टर बोटानं हलवा. क्लिप तुटलेली असेल तर तो सैल लागतो. एअर फिल्टरच्या डब्यापासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या दाबून वाकवून बघा, भेगा वाकवल्यावरच दिसतात. बॅटरीची टर्मिनलं आणि इंजिनाला जोडलेली अर्थिंगची पट्टी घट्ट आहे ना, तेही आत्ताच बघून घ्या.

प्लग काढणं

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढला तर आटे खराब होण्याची भीती असते. काही इंजिनांत प्लगपर्यंत पोहोचायला इनटेक मॅनिफोल्ड उतरवावं लागतं. तुमची गाडी तशी असेल तर हे काम मिस्त्रींना द्या, पण जुने प्लग सिलिंडरच्या क्रमानं मागून घ्या.

लागणारं सामान थोडं आहे: कॉइलच्या नटाला बसेल असा सॉकेट (बहुधा दहाचा), रॅचेट, लांब एक्स्टेंशन, आत रबर किंवा चुंबक असलेला प्लग सॉकेट (बहुतेक गाड्यांना सोळाचा, काहींना चौदाचा), फिलर गेज (प्लगची फट मोजायच्या पातळ पट्ट्या), आणि जमलं तर टॉर्क पाना (किती आवळलं ते दाखवणारा). एका वेळी एकच सिलिंडर उघडायचा. कनेक्टरची क्लिप दाबून काढा, नट काढा, कॉइल किंचित फिरवत सरळ वर ओढा. आता सायकलच्या पंपानं विहिरीत हवा मारा. तिथे बसलेली धूळ आणि खडे प्लग निघाल्यावर थेट सिलिंडरमध्ये पडतात. विहिरीत ऑइल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट किंवा विहिरीचं सील गळतंय. ते न बदलता नवी कॉइल घातली तर तिचंही रबर ऑइलनं फुगून जाईल.

प्लग निघाला की उजेडात न्या. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सिलिंडर नीट जळतोय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त होतंय किंवा ठिणगी अपुरी पडतेय. पेट्रोलनं ओला असेल तर इंधन आलं पण ठिणगी पडली नाही, कॉइलवरचा संशय पक्का होतो. काळं, चकचकीत, तेलकट असेल तर रिंगांमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल येतंय. पांढराफटक, फोड आलेला असेल तर तो सिलिंडर प्रमाणाबाहेर तापलाय. सीएनजीवर काजळी कमीच धरते, त्यामुळे तिथे रंगावरून फार निष्कर्ष काढू नका, प्लगची झीज आणि फट बघा. आणि सगळे प्लग शेजारी शेजारी ठेवा. एकट्या प्लगपेक्षा चौघांत वेगळा दिसणारा प्लग जास्त बोलतो.

मग पांढऱ्या चिनीमातीकडे बघा. तिच्यावर पेन्सिलीनं ओढल्यासारखी उभी काळी रेघ असेल तर ठिणगी आत न जाता बाहेरून खाली पळतेय. अशा वेळी प्लग आणि कॉइलचं रबर दोन्ही बदला, कारण रेघ रबराच्या आतही उमटलेली असते आणि ती नव्या प्लगलाही त्याच वाटेला लावते. धातूच्या कड्यालगत तपकिरी वलय असेल तर घाबरू नका, तो हवेतल्या तेलकणांचा डाग असतो, गळती नव्हे.

फट फिलर गेजनं मोजा. बहुतेक गाड्यांत ती ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधला घ्या. सीएनजी गाड्यांना कंपनीनं वेगळी फट किंवा वेगळा प्लग सांगितलेला असू शकतो. साध्या निकेलच्या प्लगची फट जपून जुळवता येते. इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक असतं, त्याला गेज रेटून वाकवायला गेलात तर ते तुटतं. निकेलचे प्लग साधारण ३० ते ४० हजार किलोमीटर टिकतात, इरिडियमचे बरेच जास्त, काही तर एक लाखापर्यंत. सीएनजीवर झीज लवकर होते, तेव्हा मुदतीची वाट न पाहता मधूनच काढून बघा. घेताना ओळखीच्या दुकानातून बिलासकट घ्या, मी पुण्यात नाना पेठेतून आणतो. जुना प्लग सोबत न्या आणि त्यावरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळवा.

बसवताना घाई नको. प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा बसवून बोटांनीच आटे लावा. आटे वाकडे लागले तर नळी घसरते, पाना मात्र बळजबरी करून हेडचे आटे कापतो, आणि ते दुरुस्त करणं सगळ्यात महाग पडतं. बोटांनी पूर्ण टेकल्यावर टॉर्क पान्यानं कंपनीच्या आकड्याला आवळा. १४ मिलिमीटर आट्यांचा, वॉशर असलेला प्लग साधारण २५ ते ३० न्यूटन मीटरला बसतो, १२ मिलिमीटरचा १५ ते २० ला. टॉर्क पाना नसेल तर वॉशर असलेल्या नव्या प्लगला बोटांनी टेकल्यानंतर साधारण अर्धा फेरा पुरतो. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लावू नका, त्यानं नकळत जास्त आवळलं जातं.

आता हलवून बघा

समजा कोड ‘पी ०३०२’ आहे. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर, पहिल्याची दुसऱ्यावर. बाकी कशाला हात लावायचा नाही. कॉइलवर मार्करनं खूण करा, नाहीतर दुसऱ्या फेरीत कुठली कुठून आली ते विसरायला होतं. कोड पुसा आणि ज्या स्थितीत मिसिंग होत होतं ती स्थिती पुन्हा आणा. गरम झाल्यावर होत असेल तर गरम होऊ द्या, चढावर होत असेल तर चढावर न्या. दिवा लुकलुकला की थांबा.

कोड आता ‘पी ०३०१’ झाला? कॉइल सापडली. कोड ‘पी ०३०२’ च राहिला? कॉइल निर्दोष. आता प्लगांची अदलाबदल करा आणि तेच पुन्हा. तोही हलला नाही तर इंजेक्टर. मल्टिमीटरनं कॉइल मोजण्यावर मी फारसा विसंबत नाही. आजच्या बऱ्याच कॉइलांमध्ये आतच इलेक्ट्रॉनिक्स असतं, आणि गार टेबलावर सरळ वाचन देणारी कॉइल गरम इंजिनावर नापास होते. अदलाबदलीला फसवणं अवघड आहे.

एका वेळी दोन गोष्टी हलवू नका. कॉइल आणि प्लग एकत्र हलवले तर दोष हलला तरी कोणामुळे हलला ते कळत नाही, आणि मग दोन्ही विकत घ्यावे लागतात.

चालू इंजिनावर कॉइल ओढून ‘आवाज बदलतो का’ बघायची जुनी रीत अजून चालते. ती करू नका. हजारो व्होल्टचा झटका बसू शकतो, आणि त्या सिलिंडरचं कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं. तशी चाचणी करायचीच असेल तर, गाडी पेट्रोलवर असताना, हात सहज पोहोचत असेल तरच, इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढा. चांगल्या सिलिंडरचा कनेक्टर काढला की इंजिन जास्त हलतं. काढूनही काही फरक पडला नाही तर तोच सिलिंडर आधीपासून मेलेला होता. या चाचणीनं नवा कोड येतो, नंतर तो पुसायचा.

डिस्ट्रिब्युटर (सगळ्या प्लगना पाळीपाळीनं वीज वाटणारा भाग) आणि जाड प्लग वायरी असलेली जुनी गाडी असेल तर वायरींची अदलाबदल करता येते, मात्र क्रम चुकवू नका. चार सिलिंडरमध्ये तो बहुतेक वेळा १-३-४-२ असतो. अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर गळक्या वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. ओढणी, सैल बाही, केस फॅन-बेल्टपासून लांब.

इंजेक्टर, आणि चोरटी हवा

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवा आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. चालू इंजेक्टर ‘टिक-टिक-टिक’ वाजतो. एखादा गप्प असेल तर आधी त्याची वायर तपासा. वाजतोय पण फवारा खराब आहे, हे कानाला कळत नाही. त्यासाठी काढून बेंचवर तपासावा लागतो. काढताना पेट्रोलच्या लाइनीत दाब असतो आणि ओ-रिंगा नव्याच घालाव्या लागतात, म्हणून हे काम मी स्वतः करत नाही.

चोरट्या हवेची खूण डाँगलमध्येच मिळते. अ‍ॅपमध्ये ‘फ्युएल ट्रिम’चे आकडे बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. शून्याच्या आजूबाजूला, उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असतील तर ठीक. आयडलिंगला १५-२० टक्के अधिक आणि फेरे वाढवल्यावर उतरत असतील तर ईसीयूला न मोजलेली हवा कुठून तरी शिरतेय आणि तो बिचारा पेट्रोल वाढवून भरपाई करतोय. मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्हीची नळी (इंजिनाच्या आतली वाफ पुन्हा हवेच्या वाटेत आणणारी). संशयित सांध्यावर साबणाच्या पाण्याचा थोडा फवारा मारा, इलेक्ट्रिकचे भाग सांभाळून. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला तर जागा मिळाली. काही जण कार्ब क्लिनर फवारतात. तो पेट घेतो आणि तापलेला मॅनिफोल्ड शेजारीच असतो, म्हणून मी तो वापरत नाही.

‘पी ०३००’ आला, ट्रिम सगळीकडेच वाढलेला आणि गाडी चढावर दम तोडते, तर पेट्रोलचा दाब मोजून घ्या. चेन किंवा बेल्ट एखादा दात सरकलाय का, हे गॅरेजचं काम.

सगळं हलवूनही तो तिथेच असेल तर

प्लग, कॉइल, इंजेक्टर हलवून झाले आणि तोच सिलिंडर आजारी राहिला, तर हवा तिथे पुरेशी दाबलीच जात नाहीय. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. गरम इंजिन, सगळे प्लग बाहेर, ठिणगी आणि पेट्रोल बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, चांगली बॅटरी, आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे सारखेच फेरे. पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते २०० पीएसआयच्या दरम्यान आकडा येतो, पण खरं महत्त्व सिलिंडरांमधल्या फरकाला. कमी आलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंगा. नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकत्र कमी आले तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट.

सीएनजीवर बरीच चाललेली गाडी असेल तर हेड उतरवण्याआधी टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे तेच व्हॉल्व्हचं क्लिअरन्स, मोजायला लावा. कोरड्या गॅसवर व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, क्लिअरन्स संपतं आणि व्हॉल्व्ह पुरता बंदच होत नाही. वेळेत पकडलं तर फक्त क्लिअरन्स जुळवून भागतं. तसंच दामटलं तर व्हॉल्व्ह जळतो. मोजणी कागदावर लिहून मागा.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र यातलं काही उघडू नका. कोड आणि वहीतल्या नोंदी घेऊन थेट सर्व्हिस सेंटरला जा.

दुरुस्तीनंतर

कोड पुसा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि पाच मिनिटं आयडलिंगला ऐका. मग २०-३० किलोमीटरची चक्कर मारा, ज्यात थोडं शहर, थोडा मोकळा रस्ता आणि एक चढ असेल. सीएनजी असेल तर दोन्ही इंधनांवर. परत आल्यावर पुन्हा स्कॅन करा, ‘प्रलंबित’ कोडही बघा, कारण दिवा पेटण्याआधी दोष तिथे नोंदला जातो. मिसिंग गेलं पण दिवा दुसऱ्या कोडसाठी पुन्हा लागला, तर तो कन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेचा ‘पी ०४२०’ नाही ना ते बघा. मिसिंग घेऊन फार दिवस फिरलेल्या गाडीत तो मागून येतो.

सगळ्या कॉइल एकदम बदलल्या असतील तर काढलेली चांगली कॉइल फेकू नका. कोरड्या फडक्यात गुंडाळून, वर तारीख आणि किलोमीटर लिहून डिकीत ठेवा. माझ्या डिकीत तशी एक आहे, तिच्याबरोबर दहाचा सॉकेट आणि टॉर्च. मागच्या पावसाळ्यात घाटात एका अनोळखी कुटुंबाची माझ्याच मॉडेलची गाडी तीनपैकी दोन सिलिंडरवर आली होती. वीस मिनिटांत ती कॉइल लागली आणि ते घरी पोहोचले.